निळी मूठ

१

ग्लायडर मोडलं होतं, त्यात गूढ काही नव्हतं. आभाळातली वस्तू शेताच्या बांधावर आपटली की मोडतेच. ते सांगायला सरकारी चौकशीबाई कशाला हवी? गूढ होतं ते कॉकपिटच्या डाव्या कडेला, एका निळ्या मुठीत.

चौकशीबाई त्या मुठीसमोर गुडघे टेकून बसल्या होत्या. बसताना गुडघ्यांनी कुरकुर केली, पण बाईंनी आयुष्यात कुणाचीच कुरकुर मनावर घेतली नव्हती, मग गुडघ्यांची कुठून घेणार? अपघाताच्या चौकशा करून करून त्यांना एक खोड जडली होती. समोरच्याच्या तोंडचा शब्द उचलायचा आणि तो जसाच्या तसा त्याच्यासमोर ठेवायचा. लोक वैतागत, आणि वैतागले की जास्त बोलत.

“ब्रेक बंद,” बाई म्हणाल्या.

“बंद,” क्लबचा चिटणीस म्हणाला. “कुणी हात लावलेला नाही. तुम्ही येईपर्यंत पहारा ठेवला होता.”

गाडीचा ब्रेक गाडी थांबवतो. ग्लायडरचा ब्रेक ग्लायडरला खाली बसवतो. निळी मूठ मागे ओढली की दोन्ही पंखांच्या पाठीतून एकेक पट्टी उभी राहते, पंखांचा जोर कमी होतो आणि ग्लायडर भराभर उतरू लागतं. मूठ पुढे ढकलली की पट्ट्या पंखांत जातात आणि खट् करून खटका बसतो. आत्ता मूठ पुढे होती, खटका बसलेला होता, पट्ट्या पंखांत गपगार होत्या. मग हे ग्लायडर धावपट्टीच्या अलीकडे, नुकत्याच पाणी दिलेल्या शेतात, दगडासारखं आलं कसं?

“त्यात विचार कसला करायचा?” चिटणीस म्हणाला. “आपटेपर्यंत पट्ट्या उभ्या होत्या, हे दोर ओढणाऱ्या विंचवाल्यानं डोळ्यांनी पाहिलंय. मूठ मात्र बंद. म्हणजे मूठ आणि पट्ट्या यांना जोडणारा दांडा आतून सुटला. काल सकाळी पंख कुणी जोडले? मिस्तरींनी. पाच वाजता सभा आहे. त्यांना काढायचं आणि पोलिसांत द्यायचं, एवढंच बाकी आहे.”

चिटणिसाच्या मागे क्लबचे मुख्य प्रशिक्षक उभे होते. पांढऱ्या मिशा, ताठ मान. सगळे त्यांना सर म्हणत. ते शेताकडे बघत राहिले.

मिस्तरी थोडे लांब उभे होते. कालच्याच कपड्यांत. हातांवरचं काळं ग्रीस अजून गेलेलं नव्हतं. ग्लायडर चालवणारी मुलगी त्यांची सून होती. सहा महिन्यांपूर्वी घरात आलेली, आणि काल कमरेचं हाड मोडून इस्पितळात पोचलेली. पोर परत चालेल की नाही, हे डॉक्टर आज सांगणार होते.

“दांडा जोडल्याचं आठवतं?” बाईंनी विचारलं.

“खीळ घातल्याचं आठवतं. ती बसल्याचा खटका ऐकल्याचं आठवत नाही.” मिस्तरींनी आपल्या हातांकडे पाहिलं. “इतकी वर्षं जोडतोय, कान कुठे असतात आपले तेव्हा? लिहून टाका, मॅडम. माझ्याच हातून झालं. बायको कालपासून माझ्याशी एक शब्द बोललेली नाही.”

बाईंना कबुलीजबाब आवडत नसत. स्वस्तात मिळालेले तर मुळीच नाही.

२

विंचवाल्याला सगळे भोंगा म्हणत. तो कानात कुजबुजला तरी तीन शेतांपलीकडे ऐकू जाई. ग्लायडरला इंजिन नसतं, म्हणून त्याला दोर लावून विंच नावाच्या यंत्रानं वर ओढायचं, हे त्याचं काम. काल तो धावपट्टीच्या पार दुसऱ्या टोकाला होता, दुर्बीण डोळ्याला लावून.

“सुरुवातीपासून सांग,” बाई म्हणाल्या.

“सुरुवात झकास होती हो. वळण नीट घेतलं, चाक वेळेवर सोडलं, खाली आलेलं मी पाहिलं. ब्रेक अर्धे वर, उतरताना असतात तसे. तेवढ्यात समोरचा वारा वाढला. आता ही धावपट्टीपर्यंत पोचत नाही, असं दिसायला लागलं. सर त्या टोकाला रेडिओ घेऊन उभे. ओरडले, ब्रेक सोड! माझ्याही रेडिओवर आलं.”

“ब्रेक सोड.”

“बरोबरच होतं ना ते? ब्रेक सोडला असता तर अलगद धावपट्टीवर आली असती. पण झालं भलतंच. पट्ट्या आत जायच्या तर आणखी वर आल्या. सर परत ओरडले, आणखी वर. परत ओरडले, पार ताठ.” भोंग्याचा आवाज एकदम माणसाएवढा झाला. “मग मी दुर्बीण खाली केली. बघवेना.”

“तिच्याजवळ आधी कोण पोचलं?”

“सर. ते जवळच होते. मग हँगरमधून मिस्तरी. ते जीपच्या चाकाचा आस उघडून बसले होते, तसेच धावले. मी जीपच्या अभावी सायकल हाणत आलो, तोवर दोघांनी तिला बाहेर काढून ठेवलं होतं. मिस्तरी तिच्याबरोबर इस्पितळात गेले. मग पहारा मीच दिला.”

बाईंनी मान हलवली. एक गोष्ट त्यांना खडा लागल्यासारखी लागली होती. दांडा सुटला तर वाऱ्यानं पट्ट्या एका दमात बाहेर खेचल्या जायला हव्यात. या पट्ट्या पायरीपायरीनं वर आल्या होत्या. सरांच्या प्रत्येक हाकेला एक पायरी.

सरांची खोली लहान आणि नको इतकी नीटनेटकी होती. टेबलावर रेडिओ पालथा ठेवलेला होता.

“विद्यार्थिनी कशी होती?” बाईंनी विचारलं.

“उत्तम. माहेरचंच शिक्षण. वडील तिकडच्या क्लबात शिकवतात. माझ्याबरोबर दोन जागांच्या ग्लायडरमध्ये उडाली, तेव्हा मी हात मांडीवर ठेवून बसायचो. उतरताना तिला एक शब्द सांगावा लागला नाही कधी.”

“काल सांगावा लागला.”

“हो. ब्रेक सोड, म्हणालो.”

“मग तिनं सोडले का?”

सरांनी मान खिडकीकडे वळवली. खिडकीबाहेर कुणीतरी दोर गुंडाळत होतं, त्याचा खरखर आवाज येत राहिला.

“मूठ बंद सापडली, बाई,” सर शेवटी म्हणाले. “तुम्हीच तर पाहिलीत.”

बाई उठल्या. प्रश्न त्यांनी सरांना विचारला होता, उत्तर सरांनी त्यांच्याच डोळ्यांवर ढकललं होतं. खरं बोलणारा माणूस असं सहसा करत नाही. पण खोटं तरी काय बोलले होते सर?

३

मोडकं ग्लायडर हँगरमध्ये आणलं. नाक चेपलं होतं, बाकी बराचसा सांगाडा शाबूत होता. बाईंनी भोंगा आणि चिटणीस दोघांना एकेका पंखाशी उभं केलं आणि स्वतः कॉकपिटमध्ये वाकल्या.

“आता मी मूठ ओढते. काय होतं ते सांगा.”

मूठ मागे आली. दोन्ही पंखांतून दोन्ही पट्ट्या सरळ उभ्या राहिल्या. बाईंनी मूठ पुढे ढकलली. पट्ट्या आत गेल्या. खट्.

“अहो, हे तर चालतंय!” भोंगा ओरडला आणि पत्र्यावरची कबुतरं उडाली.

बाईंनी पंखाच्या मुळाशी बॅटरी मारली. दांडा जागेवर, खीळ जागेवर. मिस्तरींच्या हातांनी आपलं काम केलं होतं. कान विसरले असतील, हात विसरले नव्हते.

“मग पट्ट्या उघड्या कशा होत्या?” चिटणीस म्हणाला. “का भोंग्याला भास झाला?”

“इकडे या. पंखावर काय दिसतंय?”

“चिखल.”

ओल्या शेतात नाक घुसलं, तेव्हा चिखलाचे फवारे मागे उडून दोन्ही पंखांवर बसले होते आणि रात्रीतून वाळले होते. पण पट्टीच्या फटीमागे दोन्ही पंखांवर एकेक लांबट चौकोन स्वच्छ पांढरा होता. तिथे ठिपकासुद्धा नव्हता. बाईंनी भोंग्याला मूठ पुन्हा ओढायला लावली. पट्टी उभी राहिली, आणि तिची पुढची बाजू चिखलानं लडबडलेली दिसली.

“पाऊस तिरपा आला की भिंतीमागची जमीन कोरडी राहते,” बाई म्हणाल्या. “तसंच हे. चिखल उडाला तेव्हा या पट्ट्या भिंतीसारख्या उभ्या होत्या. आपटल्यानंतर कुणीतरी मूठ पुढे ढकलली.”

चिटणिसाचा चेहरा उजळला. “मिस्तरीच! दांडा सुटला असेल या भीतीनं बंद केली असणार. आपलं पाप झाकायला.”

“मिस्तरींचे हात पाहिलेत?”

कॉकपिटच्या काठावर काळी बोटं उमटली होती. कमरेच्या पट्ट्याच्या बकलावर काळी बोटं, सीटच्या पाठीवर अख्खा काळा पंजा. जीपच्या आसाचं ग्रीस सगळीकडे सांडल्यासारखं लागलं होतं. निळ्या मुठीवर मात्र त्याचा कणही नव्हता.

भोंग्यानं मुठीवरचा हात झटकन काढला. “म्हणजे मी? पहाऱ्याला तर मीच होतो.”

“तू बंद केली असतीस, तर पट्ट्या उघड्या होत्या असं गावभर सांगत फिरला असतास का? झाकली मूठ सव्वा लाखाची. तुला ती झाकून ठेवता आली असती.”

उरले होते एकटे सर. चिटणीस हळूच जवळच्या स्टुलावर टेकला.

बाई मात्र खूश नव्हत्या. हात सापडला होता, कारण सापडत नव्हतं. सरांनी योग्य तीच सूचना दिली होती, ती भोंग्यानंही रेडिओवर ऐकली होती. चूक झाली असेल तर मुलीची. मग चूक मुलीची असताना सर कुणाला वाचवत होते?

तेवढ्यात इस्पितळातून निरोप आला. मुलगी शुद्धीवर आली होती.

४

“दोन मिनिटं,” डॉक्टर म्हणाले. “पायाची बोटं हलतायत, चांगलं लक्षण आहे. पण दमवू नका.”

खाटेशेजारी सासूबाई चमच्यानं पाणी पाजत होत्या. मिस्तरी दाराबाहेर उभे होते. आत यायचा त्यांना धीर होत नव्हता, आणि आत या असं त्यांना कुणी म्हणत नव्हतं.

“काल उतरताना काय झालं, बाळ?” बाईंनी खुर्ची ओढली.

मुलीनं ओठ ओले केले. “वारा वाढला. मी ब्रेक आत घेणारच होते. तेवढ्यात सर म्हणाले सोड. मी सोडले.”

“सोडले.”

“हो. सर परत म्हणाले, परत सोडले. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा पूर्ण सोडले.” तिनं सासूबाईंकडे पाहिलं. “माझं काय चुकलं? आई म्हणतात, बाबांना पोलिसात देणार. बाबांचा काय संबंध?”

बाईंनी मनात जुळवून पाहिलं. सर म्हणतात, सोड म्हणालो. भोंगा म्हणतो, सोड म्हणाले. मुलगी म्हणते, सोडले. तिघांच्या जबानीत केसाचाही फरक नाही. आणि तरी ग्लायडर शेतात! शिवाय आणखी एक काटा होताच. हातातली वस्तू माणूस एकदा सोडतो. सोडलेली वस्तू परत कशी सोडायची, आणि तिसऱ्यांदा पूर्ण कशी?

खिडकीतून ऊन आत आलं होतं. मुलीनं डोळे मिटून घेतले.

“ऊन येतंय गं डोळ्यांवर,” सासूबाई उठल्या. “थांब, पडदा सोडते.”

वर गुंडाळून बांधलेला पडदा त्यांनी सोडला. तो सळसळत खाली आला आणि खिडकीभर पसरला.

चौकशीबाई खुर्चीतून अर्धवट उठल्या. पडद्यावरची नजर त्यांना काढवेना. पडदा सोडला, म्हणजे पडदा गेला नव्हता. पडदा आला होता! केस सोडले की ते पाठीवर पसरतात. भोंग्यानं सकाळी काय सांगितलं होतं? चाक वेळेवर सोडलं, खाली आलेलं पाहिलं.

“बाळ,” बाईंनी आवाज शक्य तेवढा साधा ठेवला, “तुझ्या माहेरच्या क्लबात ब्रेक पंखाबाहेर काढायचे असले, तर वडील काय म्हणतात?”

“सोड म्हणतात. चाक सोड, ब्रेक सोड.”

“आणि आत घ्यायचे असले तर?”

“मीट. ब्रेक मीट.” मुलगी थांबली. “मला नवल वाटलं होतं, आधीच खाली आहे तर आणखी का उतरवतायत. म्हटलं, पुढे धावपट्टीवर काहीतरी आडवं आलं असेल. त्यांना दिसत असेल, मला दिसत नाही. सर सांगतायत म्हणजे...” ती बाईंच्या चेहऱ्याकडे बघू लागली. “सर वेगळं काही म्हणत होते का?”

बाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. माहेरहून येताना पोरीनं कपडे आणले, भांडी आणली, आणि एक शब्द आणला. तो उघडून बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

५

सर खोलीतच होते. रेडिओ अजून पालथाच होता.

“तुम्ही सोड म्हणालात,” बाईंनी बसायच्या आधीच सुरुवात केली. “तुमच्या मते, हातातलं सोड, ब्रेक जाऊ दे. तिच्या मते, पंखातले सोड, ब्रेक येऊ दे. तुमचं म्हणणं तिनं अक्षरशः पाळलं.”

सरांनी डोळे मिटले. “तिसऱ्या हाकेला माझ्या लक्षात आलं. मी सोड म्हणतोय आणि पट्टी वर येतेय. मी म्हणतोय आणि वर येतेय. दुसरा शब्दच सुचेना हो! माणसाला बंद कर हे दोन शब्द सुचू नयेत? जितक्या जीवानं मी तिला वाचवायला ओरडत होतो, तितक्या जीवानं ती खाली येत होती.”

“आणि मूठ?”

“तिची बोटं मुठीवर तशीच होती. मागे ओढलेली. माझा शब्द तिच्या हातात होता, बाई. मी बोटं सोडवली आणि मूठ पुढे ढकलली. वाटलं, ब्रेक बंद दिसले की दोष वाऱ्यावर जाईल. वाऱ्याला कोण तुरुंगात टाकतंय? भोंग्यानं पट्ट्या पाहिल्या असतील, हे ध्यानातच आलं नाही.”

“शब्द चुकला तो अपघात होता,” बाई म्हणाल्या. त्यांना राग आला होता आणि तो लपवायची त्यांना गरज वाटली नाही. “मूठ ढकललीत ती घाबरून. पण आज सकाळी चिटणीस मिस्तरींना पोलिसांत द्यायच्या गोष्टी करत होता, तेव्हा तुम्ही शेताकडे बघत होतात. तो ना अपघात, ना घाबरणं. मी जे लिहायचं ते लिहीन. तुम्ही काय बोलायचं ते तुमचं तुम्ही बघा.”

सभेच्या आधी सर इस्पितळात आले. मुलीच्या चौकशीला आलेली क्लबची मंडळी बाहेरच्या बाकांवर बसली होती, चिटणीस, भोंगा, आणखी दहाबारा जण. सर कुणाशी न बोलता आत गेले. बाई आणि मिस्तरी दारात होते.

सर खाटेपाशी उभे राहिले. सगळं सांगितलं, हळू आवाजात, काही न वगळता. शेवटी त्यांनी हात जोडले. “पोरी, मला माफ कर.”

मुलीनं नजर छतावरून काढून त्यांच्याकडे वळवली.

“सोडा ते आता, सर,” ती म्हणाली.

सरांचा श्वास सुटला. ते वळले, आणि दारात मिस्तरी होते. कालपासून मान खाली घालून वावरलेला माणूस आता मान वर करून उभा होता.

“काय म्हणाली ती, ऐकलंत ना, सर?”

“सोडा म्हणाली. मन मोठं आहे तिचं.”

“ते तुमच्या भाषेत,” मिस्तरी म्हणाले. “तिच्या माहेरी सोडणं म्हणजे बाहेर काढणं. काढा बाहेर. इथे आत कुजबुजून उपयोग नाही. बाहेर सगळे बसलेत.”

सरांनी खाटेकडे पाहिलं. मुलीनं सासऱ्यांचं म्हणणं खोडून काढलं नाही.

सर दाराबाहेर गेले. बाकांवरची कुजबुज थांबली. सुरुवातीला त्यांचा आवाज लागेना, मग लागला, उडणाऱ्याला ऐकू जावा म्हणून वर्षानुवर्षं कमावलेला तो आवाज. “मिस्तरींचा यात काही दोष नाही. मूठ मी ढकलली.”

मिस्तरी भिंतीला टेकले. त्यांनी आपले काळे हात एकदा उलटेपालटे करून पाहिले.

“मॅडम,” त्यांनी विचारलं, “म्हणजे खिळीचा खटका बसला होता?”

“बसला होता.”

“मी ऐकला नाही, पण बसला होता.”

“हो. बसला होता, मिस्तरी.”

सासूबाईंनी खाटेशेजारची खुर्ची रिकामी केली आणि पदरानं पुसली.

“अहो,” त्या नवऱ्याला म्हणाल्या, “आत येऊन बसा. किती वेळ उभे राहणार?”